आधी कान, मग वेलांटी

मराठी बोलतो तशीच लिहितो, मग पोराला वाचता न यायला काय झालं, असं आपण सहज म्हणतो. हे पुरतं खरं नाही. ‘किडा’मधली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी येते आणि तोंडातून निघते ‘क’नंतर. ‘सूर्य’मधला र कानाला ‘य’च्या आधी ऐकू येतो, बसतो मात्र त्याच्या डोक्यावर, चक्र, ट्रक, तऱ्हा यांत तोच र आणखी तीन वेष घेतो. बहुतेक मुलांना हे सरावाने साधतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला आवाज आणि अक्षर यांची गाठ बांधायलाच फार कष्ट पडतात. डोळे नि बुद्धी शाबूत असूनही बाराखडी दर सकाळी नव्याने समोर उभी राहते. भंडारा जिल्ह्यात यात आणखी एक गुंता आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जिचा जन्मभर अभ्यास केला, त्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. ‘पानी’, ‘डोरा’ लिहिणाऱ्या पोराचा कान अगदी बरोबर आहे, त्याने घरची बोली लिहिली. ‘कमल’ एका ओळीत नीट वाचून पुढच्याच ओळीत ‘मकल’ म्हणणाऱ्याची अडचण निराळी. वहीत दोघांनाही सारखीच लाल रेघ मिळते, आणि खरी मदत हवी तो गर्दीत हरवतो.

डिस्लेक्सियाची तपासणी केली तर शिक्का बसेल, ही आईबापांची भीती मी खोटी मानत नाही. पण ‘मठ्ठ’, ‘आळशी’ हे शिक्के तपासणीवाचूनच बसलेले असतात, आणि ते पुसायला कुणी येत नाही. खेड्यात तज्ज्ञ कुठून आणायचा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. निदानाला तज्ज्ञ लागतोच; रोजच्या सरावाला घरचं माणूसही चालतं. धानाच्या या मुलखात परातीत मूठभर तांदूळ पसरावेत. ‘किडा’ म्हणत दोन टाळ्या वाजवाव्यात, मग क बोटाने गिरवावा, तोंडाने ‘कि’ म्हणत वेलांटी ओढावी. दिवसाला वीस मिनिटं, एकावेळी दोन-तीनच अक्षरं, आणि कालचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. पाठ्यपुस्तक मागे राहतं, राहू द्यावं. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात डिस्लेक्सियाची अडचण नोंदलेली आहे, प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळही मिळतो. मात्र नववीत धावपळ करून मिळवलेला कागद वाचायला शिकवत नाही. पोरगं दुसरी-तिसरीत अडखळतंय तोवरच जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.