मामा, हात लावू नका!

आधी सांगून टाकतो, मग श्वास घेतो. मृगातला तेजोमेघ आम्ही धरणगावात पकडलाय! वेधशाळेतून नाही, डोंगरावरून नाही, आमच्या घरामागच्या परसातून! एका बाजूला लिंबाचं झाड, दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायची तार, मध्ये तीन पायांवर उभी दुर्बीण, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर गुलाबी, पंख पसरलेला, मधोमध पेटलेला ढग! खरा! अवकाशातला! कालपासून मला एका जागी बसवत नाहीये. सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाने हरभऱ्यावरच्या अळीचं औषध मागितलं, तर मी त्याच्यापुढे आधी मोबाईल धरला. त्याने फोटो मोठा करून नीट न्याहाळला आणि विचारलं, "ही कुठली बुरशी?"

माझा या विषयातला अधिकार म्हणाल तर शून्य. माझं बी-बियाण्याचं दुकान. नक्षत्रं पेरणीपुरती ठाऊक, त्यांची वाहनं पंचांगात बघून सांगतो, बस! आणि आता कळतंय की मृगाच्या नावावर इतकी बियाणी विकली, पण मृग कधी धड बघितलाच नव्हता. बघणार कसा? जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात मुक्कामाला असतो. म्हणजे मृग उगवतो दिवसा, मावळतो सूर्याच्या सोबत, आणि आपण रात्री ढगांत त्याला शोधत बसतो! त्याला भेटायचं ते आत्ता, पौषात, रात्री दहाच्या सुमाराला, दक्षिणेकडे तोंड करून, मान चांगली वर करून. चार कोपऱ्यांना चार तारे. पोटात तीन ताऱ्यांचा बाण. बाणाखाली तीन बारीक ठिपक्यांची लोंबती ओळ. त्यातला मधला बघा. बघितला? जरा पुसलेला वाटतो ना? तो नुसता तारा नाही हो! तोच तेजोमेघ! सुमारे 1350 प्रकाशवर्षं दूर! म्हणजे काल माझ्या परसात जो उजेड उतरला तो निघाला तेव्हा बदामीला चालुक्य राज्य करत होते. आणि त्याचा पसारा फोटोत चंद्राच्या दुप्पट रुंद येतो! एवढी मोठी वस्तू रोज रात्री डोक्यावरून जाते आणि आपण खाली मान घालून जेवतो!

या सगळ्याचं मूळ माझा भाचा. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत दोन जड बॅगा घेऊन आला. मला वाटलं धुवायचे कपडे. निघाली दुर्बीण! मी म्हटलं चल गच्चीवर, तर म्हणाला, "नको मामा, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ऊब सोडतो, वरची हवा थरथरते. शिवाय कोणी जिन्यात चाललं तरी दुर्बीण हलते. परस बरं." मग परसातल्या मातीत तिवई रोवली आणि मग ध्रुव शोधायचा म्हणाला आणि मग पंचाईत! कारण ध्रुव किती वर दिसणार हे गावाच्या अक्षांशावर ठरतं. लंडनला तो 51 अंशांवर असतो, आमच्या धरणगावात फक्त 21 वर! आणि शेजारच्या जिभाऊंची पाण्याची टाकी साधारण 20 वर! टाकीच्या झाकणाला टेकलेला ध्रुव मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

ध्रुव कशाला, म्हणून मी विचारलं. (मी सगळंच विचारलं. भाच्याच्या सहनशक्तीला सलाम!) तर पृथ्वी फिरते म्हणून आभाळ सरकतं, आणि त्याच्या बरोबरीने दुर्बीणही सरकवायची, तर दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा. ध्रुव तारासुद्धा खऱ्या ध्रुवबिंदूवर बसलेला नाही! अर्ध्या अंशाहून जरा जास्तच बाजूला आहे! लहानपणी अढळपदाची गोष्ट ऐकली होती ना आपण? तोही बिचारा छोटासा वळसा घालतोच. मला हे कोणी का नाही सांगितलं?

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर मी खरा फिदा आहे. गाईडिंग!

हिशोब बघा. मृगाच्या भागातले तारे दर सेकंदाला सुमारे 15 विकला सरकतात. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. तीन मिनिटांचा एक फोटो घ्यायचा, तर तेवढ्यात तारा पाऊण अंश पळाला. दीड चंद्राएवढा! म्हणून खाली माउंटमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीत, मोटर असते, ती सगळं उलट्या दिशेने हळूहळू फिरवते. पण मोटरीची दातेरी चाकं कितीही नीट कापली तरी कुठेतरी केसभर उंच, कुठेतरी केसभर सखल राहतात, आणि तेवढ्यानेही ताऱ्यांच्या शेपट्या निघतात. मग काय करायचं? मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक चिमुकली दुर्बीण बसवायची! तिला तिचा वेगळा कॅमेरा! आणि ती तेजोमेघाकडे ढुंकून बघत नाही! तिचं लक्ष एकाच ताऱ्यावर. दर दोन सेकंदांनी ती त्याचा फोटो काढते, लॅपटॉप बघतो की तारा किती हलला, एका पिक्सेलच्या बारक्याशा तुकड्याइतका हलला तरी पकडतो, आणि मोटरीला सांगतो जरा मागे, आणि मग जरा पुढे, आणि मग जरा वर, आणि मग पुन्हा मागे, आणि हे रात्रभर, न थकता, न जांभई देता! चूक साधारण एका विकलेच्या आत ठेवायची. एक विकला म्हणजे किती? साडेचार किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढी! पडद्यावर दोन रेघा नागमोडी नाचत होत्या, मी त्यांच्याकडे मॅचच्या शेवटच्या ओव्हरसारखा टक लावून बसलो, आणि एक रेघ जरा उसळली की माझा हात आपोआप दुर्बिणीकडे. "मामा, हात लावू नका!" हे वाक्य काल रात्री इतक्यांदा ऐकलं की आता बायकोही म्हणायला लागलीये.

तेवढ्यात लाईट गेली. सगळ्या गल्लीत "अरेरे" झालं आणि आमच्या परसात टाळ्या! कारण रस्त्यावरचे दिवे गेले आणि तारे एकदम दुप्पट! दुर्बीण बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर, आम्ही मजेत. जिभाऊ कुंपणापाशी आले, "काय करी राह्यना रे भो अंधारमां?" मी त्यांनाही आत ओढलं. हो, तुम्हालाही ओढतोय, दिसतंय मला. या आत!

पहिला फोटो आला आणि खरं सांगू? करडा, दाणेदार, मध्ये धूसर डाग. जिभाऊ नुसतं "हं" म्हणाले. पण भाच्याने तो ठेवून दिला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, घेतच राहिला, आणि मग सगळे एकावर एक रचले. तेजोमेघाचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, तो साचत जातो. दाणे मात्र प्रत्येक फोटोत भलत्याच जागी, ते एकमेकांना खोडतात. शंभर फोटो रचले तर चित्र दहापट स्वच्छ! दहापट! मग कॅमेऱ्यावर झाकण लावून काळेकुट्ट फोटोही घेतले. हो, झाकण लावून! कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष त्यातून कळतो आणि तो वजा करता येतो. काळोखाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे जिभाऊंनी ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी विसरणार नाही.

आणि मग रंग! डोळ्याला अंधारात रंग कळत नाही, म्हणून दुर्बिणीतून बघितलं तर ढग राखाडीच. कॅमेऱ्याला मात्र कळतो. गुलाबी-लाल म्हणजे हायड्रोजन. आतले चार तरुण तारे, त्यातही सगळ्यात तापलेला एक, आपल्या अतिनील किरणांनी भोवतालचा वायू उजळवतात. मधला निळसर हिरवा म्हणजे ऑक्सिजन. दुर्बिणीत एक काळपट चकती बसवलेली होती, फिल्टर. ती फक्त या दोन रंगांच्या अरुंद पट्ट्या आत सोडते, रस्त्यावरचा एलईडी, जिनिंगचा हॅलोजन, बाकी सगळा उजेड बाहेरच थोपवते. म्हणून तर गावातून फोटो येतो!

यातल्या हिरव्यावर मी अडकलो. कारण भाचा सहज म्हणाला, "मामा, या हिरव्याची वर्णपटातली रेघ आमच्या कॉलेजात मोजली होती." काय? कधी? तर ऐका! आजचं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांनी पैसे दिले, सरकारने त्यात भर घातली, आणि 1888 साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रबची 20 इंची दुर्बीण, तेव्हा भारतातली सगळ्यात मोठी! पुण्यात! आणि नायगमवालांनी ती याच, आमच्या याच तेजोमेघावर रोखली! तेव्हा विलायतेत वाद पेटला होता. तिथले खगोलशास्त्रज्ञ लॉकियर म्हणत, ही हिरवी रेघ मॅग्नेशियमची असावी. तसं असतं तर ती एका कडेला फिसकटलेली दिसायला हवी होती. नायगमवालांनी पुण्यातून बघितलं, तर रेघ धारदार! त्यांचं निरीक्षण 1891 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. आमच्या धरणगावात बालकवी तेव्हा जेमतेम वर्षाचे! मग ती रेघ कशाची, ते कळायला 1927 उजाडलं. अमेरिकेतल्या आयरा बोवेनने दाखवलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, आणि वायू अतोनात विरळ असेल तरच ती अशी उजळते. पुण्याची वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली, दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. मला याची चुटपुट लागून राहिलीये, माझा काही संबंध नसताना!

आणि परसातून हे करणारे आम्ही पहिले नाही, हे कळल्यावर तर मी उडालोच. या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरने, 30 सप्टेंबर 1880 ला, 51 मिनिटं उजेड साठवून. आणि 1883 मध्ये अँड्र्यू कॉमन या इंग्रज माणसाने लंडनच्या ईलिंग उपनगरातल्या आपल्या घरच्या बागेतून असा फोटो काढला की डोळ्यांना मोठ्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यात उमटले! धंदा काय याचा? सांडपाण्याची इंजिनिअरिंग कामं! एक गटारवाला, एक डॉक्टर, मग एक बियाणेवाला का नको? त्यांच्या काळी चिमुकला कॅमेरा नव्हता बरं का. लोक डोळा भिंगाला लावून, तारा तारेच्या फुलीवर धरून, थंडीत बोटांनी स्क्रू फिरवत बसायचे. आम्ही बसलो शेंगा खात.

आता मला घोडा हवाय! बाणातला सगळ्यात पूर्वेचा तारा आहे ना, त्याच्या खालच्या अंगाला काळ्या धुळीचं हुबेहूब घोड्याचं डोकं आहे. ते 1888 मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या फोटोच्या काचेवर विल्यमिना फ्लेमिंग या बाईंना सापडलं. आधी तिथल्याच वेधशाळाप्रमुखाच्या घरी त्या मोलकरीण होत्या! भाचा म्हणतो घोडा अवघड आहे, बऱ्याच तासांचा उजेड साठवावा लागेल, आणि चंद्र नको. म्हणजे पुढची अमावास्या. तुम्ही या! स्वेटर आणि कानटोपी आणा, भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे, आणि मोबाईलची टॉर्च परसात पेटवलीत तर बघा! फक्त एकच अडचण आहे. भाचा सोमवारी पुण्याला निघालाय. तो जाऊ दे हो, पण दुर्बीण इथेच ठेवून जावी म्हणून मी बहिणीकडे वशिला लावलाय, आणि दुपारपासून ती फोन उचलत नाहीये!