घरमालक होण्यापूर्वी

‘घरमालक’ या शब्दाविषयी माझ्या मनात लहानपणापासून एक अढी आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथे आमचे बिऱ्हाड भाड्याचे होते. आणि ते भाडे इतके क्षुल्लक की महिन्याचा दुधाचा रतीब त्याहून महाग पडे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ते जणू गोठवूनच ठेवले होते. पावसाळ्यात कौले गळू लागली म्हणजे आई मालकांच्या नावाने बोटे मोडी आणि मालक आमच्या नावाने. दोघांचेही खरे होते, हे मला पुढे कळले. तेवढ्या भाड्यात कौले बदलणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते.

असा मी, आज दिल्लीत घर घेऊन ते भाड्याने देण्याच्या गोष्टी करू लागलो आहे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी कारकून आहे. राहायला सरकारी निवासस्थान आहे. ते नोकरीपुरते. निवृत्तीनंतर आपले म्हणून चार भिंती हव्यात, आणि तोवर त्या चार भिंतींनी थोडेफार कमवावे, असा आम्हा उभयतांचा विचार. शेजारच्या टेबलावरील पंजाबी सहकाऱ्यांना तर यात विचार करण्यासारखे काही आहे असेच वाटत नाही. त्यांचे आजोबा फाळणीनंतर निर्वासित म्हणून येथे आले, त्यांना एक लहानसा भूखंड मिळाला, आणि मग प्रत्येक पिढीने त्यावर एकेक मजला चढविला. वरचे दोन मजले भाड्याने दिलेले आहेत. “मकान कभी धोका नहीं देता,” असे ते म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

पण त्यांचा भूखंड त्या काळच्या भावाचा आणि भाडे आजचे. मला किंमतही आजचीच मोजावयाची आहे. या एका फरकाने सारे गणित बदलते. कागद-पेन्सिल घेऊन मी ते मांडले. दिलशाद गार्डनमधील डीडीएचे एका शयनगृहाचे घर दलालाने ४० लाखांना सांगितले. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली धरून साडेबेचाळीस. भाडे महिना १०,००० रुपये. वर्षाचे १,२०,००० झाले, असे म्हणून दलाल थांबतो. कारकुनाला थांबता येत नाही. भाडेकरू बदलताना घर रिकामे राहणार, रंगरंगोटी होणार, मालमत्ता कर आहे, नळ आहेत, पंधरा दिवसांच्या भाड्याइतकी दलाली पुन्हा आहेच. हे सारे वजा जाता ९५,००० उरले तर पुष्कळ. म्हणजे गुंतविलेल्या रकमेवर सव्वादोन टक्के! भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक खात्याने २०२० पासून २०२५ पर्यंत ७.१ टक्के दिले, आणि त्याचा नळ कधी गळला नाही.

कर्जाची बाजू तर याहून बोलकी आहे. साडेआठ टक्के दराने २८ लाख वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २४,३०० येतो. पहिल्या वर्षाचे व्याजच भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. भाडेकरू आपले कर्ज फेडतो, असे लोक सांगतात. येथे तो फार तर दोन पंचमांश फेडील, आणि उरलेले चौदा हजार महिन्याच्या महिन्याला आमच्या पगारांतून जातील. याचे कारण काही गूढ नाही. भाडे ठरते ते भाडेकरूच्या पगारावर, आणि किंमत ठरते ती विकत घेणाऱ्याच्या आशेवर. भाव वाढतील हे गृहीत धरूनच लोक घर घेतात. परंतु २०१४ नंतरची काही वर्षे दिल्लीच्या कित्येक वस्त्यांत ते जागचे हलले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग घ्यावेच कशाला? मला वाटते, हे भाड्याचे उत्पन्न नसून उद्याच्या निवाऱ्याचे आगाऊ आरक्षण आहे, एवढे मनाशी पक्के असेल तर घ्यावे. आणि भाडेकरू मिळण्याची खात्री असेल तेथेच घ्यावे. दिलशाद गार्डनला मेट्रो आहे, आणि गुरु तेग बहादूर रुग्णालय जवळ असल्यामुळे परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टर तेथे घरे शोधीत असतात. पत्नी मात्र प्रथम स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही ते पाहते. पुढे आपल्यालाच राहायचे आहे, हे तिचे म्हणणे माझ्या सर्व टक्केवारीहून पक्के आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. डीडीएची जुनी घरे मुळात पट्ट्याने दिलेली. पुढे ती मालकी हक्काची करून घ्यावी लागतात. कित्येक घरे मधल्या काळात नुसत्या मुखत्यारपत्रावर हातोहात विकली गेली. तसल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. तरीही “सब चलता है” म्हणणारे दलाल भेटतातच. भाडेकराराचीही मौज आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून साऱ्या शहराचे वर्ष अकरा महिन्यांचे! १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याची भीती मात्र आमच्यासारख्यांना उरलेली नाही. महिना ३,५०० रुपयांवरील भाडी १९८८ च्या दुरुस्तीने त्यातून वगळली. शिवाय सरकारी नोकराला स्थावर घेण्यापूर्वी कचेरीस कळवावे लागते. तो अर्ज लिहून ठेवला आहे. पत्त्याची जागा तेवढी कोरी आहे.

अडले ते पैशापाशी. आमच्या हाताशी साडेचौदा लाख होते. पण त्यांतले चार लाख आईचे. वाडा पाडताना भाडेकरूचा हक्क सोडल्याबद्दल विकसकाने तिला दिलेले. तिला विचारले, तर ती म्हणाली, “घे की. मला काय करायचेत?” तिचा गुडघा दुखतो, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. उद्या रुग्णालयाची पायरी चढावी लागली तर घराची एक भिंत विकून बिल भरता येत नाही. शिवाय, आयुष्यभर भाडेकरू राहिलेल्या बाईच्या हक्काचा मोबदला मुलाने घरमालक होण्यासाठी वापरावा, हे मला कसेसेच वाटले. पत्नीलाही ते पटले. ते चार लाख टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आईच्याच नावे ठेवले. तिमाही व्याज आले की ती पासबुक मला वाचायला लावते.

तेव्हा आता घर ३६ लाखांपर्यंतचेच हवे. येत्या रविवारी एक पाहायला जाणार आहोत. तिसरा मजला, उद्वाहक नाही, सांगितलेली किंमत ३८. आईला तेथे चढवेल की नाही, हे पत्नी जिना मोजून पाहणार आहे. भाडे दहा हजार सहज येईल असे दलाल म्हणतो. मी नऊ धरले आहे.