ॲमहर्स्टचा अनध्याय

आम्ही २०२३ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेस गेलो ते देश पाहावयास नव्हे. नातवास पाहावयास गेलो. दोन वर्षे तो दिवाळीस घरी आला नव्हता. तिकिटाचे पैसे नाहीत, परीक्षा आहे, सुट्टी मिळत नाही, अशी कारणे तो फोनवर सांगे. आणि ती सारी खरी असूनही आमच्या मनास पटत नसत. छत्तीस वर्षे शाळेत गैरहजेरीची कारणे ऐकून आमचे कान संशयी झाले आहेत. घरातून गुडघ्यांमुळे विमानप्रवासास नकार आला, तेव्हा चकल्यांचा डबा, भाजणी व मेतकूट बरोबर घेऊन आम्ही एकटेच निघालो.

मॅसॅच्युसेट्स संस्थानात बॉस्टन शहराच्या पश्चिमेस सुमारे नव्वद मैलांवर ॲमहर्स्ट नावाचे गाव आहे. या नावातला 'ह' तेथील लोक उच्चारीत नाहीत. ते 'ॲमर्स्ट' म्हणतात. आम्ही पहिले दोन दिवस तो स्वच्छ उच्चारीत होतो, व बसवाला दरवेळी आमच्याकडे पाहून पुन्हा विचारीत असे. गावाच्या पश्चिमेस काही मैलांवर कनेक्टिकट नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या दोन्ही तीरांस गाळाची सपाट शेते आहेत. दक्षिणेस होल्योक नावाची डोंगरांची रांग आहे. पण तिची शिखरे हजार फुटांच्या आसपासची, सह्याद्री पाहिलेल्या माणसाने तिला टेकड्याच म्हणावे. गावात व आसपास कॉलेजेच कॉलेजे. एमिली डिकिन्सन ही कवयित्री याच गावची. ज्या घरात १८३० साली तिचा जन्म झाला त्याच घरात १८८६ साली ती वारली. हयातीत तिच्या जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या; मागे सुमारे अठराशे निघाल्या. ते घर आम्ही दोनदा पाहिले.

परंतु त्या दिवसांत घरांकडे कोणाचे लक्ष जात नाही, झाडांकडे जाते. आपल्याकडे पानगळ शिशिरातली. आणि कालिदासाच्या ऋतुसंहारातली शरद् ही शुभ्र आहे, तिच्यात काशाची फुले, हंस आणि चांदणे. तेथील शरद् तांबडी, पिवळी, केशरी. मेपल नावाच्या झाडांचे डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात. नातवाने याचे कारण सांगितले. दिवस लहान होऊ लागले की पानांतले हरितद्रव्य झाड मोडून परत घेते; मग त्याखाली उन्हाळाभर झाकून राहिलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र आधीचा नसतो. देठाशी झाड पडदा धरू लागते, पानातली साखर पानातच अडकते, आणि तिच्यापासून तो रंग जाताजाता नव्याने तयार होतो. दिवसा ऊन व रात्री थंडी पडली तर तो अधिक खुलतो. आम्ही जन्मभर मुलांस समजावून सांगितले. आता मुलगा आम्हांस समजावीत होता, आणि बरा समजावीत होता. हे त्यास बोलून मात्र दाखविले नाही.

कॉलेजातील मुलांची या ऋतूतली करमणूक साधी असते. बागेत जाऊन सफरचंदे आपल्या हाताने तोडावयाची आणि पिशवीच्या हिशेबाने पैसे द्यावयाचे. सफरचंदाचा गढूळ, ताजा रस प्यावयाचा. अंगणातील पाने दाताळ्याने ओढून ढीग रचावयाचा आणि मग वीस वर्षांच्या घोड्यांनी त्यात उड्या घ्यावयाच्या. आम्हांस सर्वांत आवडली ती पर्वतदिनाची चाल. जवळच माउंट होल्योक नावाचे मुलींचे जुने कॉलेज आहे. तेथे १८३८ सालापासून शरदातला एक दिवस डोंगरासाठी राखलेला असतो. पण तो कोणता हे आधी कोणास सांगत नाहीत. एखाद्या सकाळी घंटा वाजू लागतात, आणि त्या दिवशीचे वर्ग रद्द! मुली डोंगर चढू लागतात. नॉर्दॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजातही हीच रीत आहे. आमच्या संस्कृत पाठशाळेत अवेळी मेघगर्जना झाली किंवा कोणी थोर पाहुणा आला तर अनध्याय होई. शास्त्रीबुवा पोथी बांधीत आणि आम्ही नदीकडे पळत असू. स्वच्छ ऊन पडले म्हणून अनध्याय करणारे लोक आम्हांस तेथे प्रथम भेटले.

तो डोंगर आम्हीही नातवाबरोबर चढलो. माथ्यावरून नदीचे वळण दिसते. टॉमस कोल या चित्रकाराने १८३६ साली हे वळण रंगविले; आणि पुढे चारच वर्षांनी, १८४० साली, पुराने नदी वळणाची मान कापून सरळ गेली. जुने वळण आता तळ्यासारखे पडून आहे.

कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली. नातवाच्या बिऱ्हाडी आणखी तीन मुले राहतात. त्यांस आम्ही केशरी दूध पाजले. ५ नोव्हेंबरला तेथील घड्याळे एक तास मागे गेली, पाने गळून गेली, आणि साडेचारलाच अंधार पडू लागला. याच उदास पंधरवड्यानंतर त्यांचा थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे कृतज्ञतेचा, सण येतो.

या सणाची कथा अशी. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी आले व प्लिमथ येथे वसले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील निम्मे दगावले. तेथील वाम्पानोआग लोकांपैकी टिस्क्वॉन्टम याने त्यांस मका पेरावयास शिकविले. १६२१ साली पीक आले, तेव्हा तीन दिवस भोजने झाली, व वाम्पानोआगांचा राजा मॅसासॉइट नव्वद माणसे घेऊन आला, आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली. पण हा सण साऱ्या राष्ट्राचा झाला तो एका मासिकाच्या संपादिकेमुळे. सारा हेल हिला १८२२ साली वैधव्य आले, पदरी पाच मुले. तिने लेखणीवर संसार ओढला. आपली मुले तोंडपाठ म्हणतात ते मेरीच्या कोकराचे इंग्रजी गाणे तिचेच, १८३० सालचे. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या आपल्या मासिकातून व गव्हर्नरांस पत्रे धाडून तिने सुमारे सतरा वर्षे एकच मागणी लावून धरली, की साऱ्या देशाने हा दिवस एकाच वेळी पाळावा. अखेर यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी तशी घोषणा केली. पुढे १९४१ साली नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला.

बुधवारी दुपारी गाव रिकामे होऊ लागले. गणपतीच्या आधी मुंबईच्या एस्.टी. स्थानकांवर कोकणी माणसांची जी गर्दी होते तीच आम्ही तेथे पाहिली. गाठोड्यांऐवजी चाकांच्या पेट्या एवढाच फरक. जो तो आईच्या घरी निघालेला. संध्याकाळी वसतिगृहांच्या इमारतींत एखाददुसरी खिडकी उजेडाची, बाकी सारा काळोख. ती इमारत दाखवून नातू म्हणाला, "आजोबा, पहिल्या वर्षी मी इथे होतो." आम्ही "बरे" म्हणून पुढे चालू लागलो.

गुरुवारी, २३ नोव्हेंबरला, आम्हां दोघांस एका बाईंकडे जेवावयाचे आमंत्रण होते. त्या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, यजमान वारलेले, मुलगा, सून व दोन नातवंडे बॉस्टनहून आलेली. रिकाम्या हाताने कसे जावे म्हणून आम्ही सकाळी भोपळ्याचे घारगे तळले. त्या घरांत धूर ओळखणारे यंत्र असते. तिसऱ्या घाण्याला ते असे किंचाळू लागले की एक मुलगा पांघरुणासह अंगणात धावला. एक गोष्ट मात्र तळताना ध्यानात आली. तांबडा भोपळा, मका, बटाटा, मिरची ही सारी मूळची अमेरिकेचीच. म्हणजे आम्ही त्यांचेच त्यांना परत नेत होतो.

टर्की पक्षी या जेवणाचा मुख्य मानकरी. त्याच्या पंक्तीस कसे बसावे हा विचार आम्हांस दोन दिवस खात होता. बाईंनी आमच्या आधीच तो केला होता. पक्षी स्वयंपाकघरात ठेवून तेथूनच वाढीत होते. आमच्यापुढे कुस्करलेले बटाटे, मक्याची भाकरी, घेवड्याच्या शेंगा आणि क्रॅनबेरी नावाच्या आंबट तांबड्या फळांचा, मुरांब्याच्या जातीचा पदार्थ. भोपळ्याच्या पायमध्ये अंडे असते, म्हणून आमच्यापुरता लोणी घालून सफरचंदाचा पाय केला होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास या देशी आल्या, तेव्हा न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाने त्यांस घरात घेतले, व कार्पेंटरबाईंस त्या मावशी म्हणू लागल्या. लहानपणी ते वाचताना हा लेखकाचा गोडवा असावा असे आम्हांस वाटले होते.

बाई सांगू लागल्या, "मी शाळेत दरवर्षी मुलांना कागदाच्या टोप्या आणि पिसे करायला लावून ती मेजवानी उभी करीत असे. त्या मेजवानीनंतर चौपन्न वर्षांनी मॅसासॉइटच्याच मुलाशी आपले युद्ध झाले आणि १६७६ साली तो मारला गेला, हे मी कधी शिकविले नाही." प्लिमथला १९७० पासून तेथील मूळचे लोक याच दिवशी शोकदिन पाळतात. त्यानंतर त्या क्षणभर गप्प राहिल्या. शिकविण्यात काय सुटले याचा हिशेब आमच्याकडेही आहे. पण परक्या घरी तो कोठे मांडावा!

भोजनापूर्वी प्रत्येकाने या वर्षी आपण कोणाचे ऋणी आहोत हे सांगावयाचे, अशी त्या घरची चाल. लहान मुलगी आपल्या मांजरीची ऋणी होती. नातवाची पाळी आली. तो इंग्रजीत म्हणाला, "या घरच्या बाईंनी मला दुसऱ्यांदा विचारले, म्हणून."

आम्हांस अर्थ लागला नाही. बाईंनीच तो उलगडला. २०२१ साली याच बुधवारी त्या सार्वजनिक वाचनालयात कामास होत्या. बंद व्हायच्या वेळेस हा एकटाच बसलेला. "उद्या कोठे जेवणार?" असे त्यांनी विचारले. "मित्राकडे," हा म्हणाला. पुढल्या वर्षी पुन्हा हाच मुलगा, तोच बुधवार, तेच उत्तर, तेव्हा त्या म्हणाल्या, "मित्राचे नाव सांग." मग सारे बाहेर आले. पहिल्या वर्षी खानावळ चार दिवस बंद होती. मॅसॅच्युसेट्सात या गुरुवारी किराण्याची मोठी दुकानेही कायद्याने बंद असतात. याने पाव आणि शेंगदाण्यांवर दिवस काढले होते, आणि त्या मजल्यावर त्याच्यावाचून दुसरे माणूस नव्हते.

आम्हांस तो दिवस आठवला. आपल्याकडे शुक्रवार उजाडत होता, साडेपाचचा सुमार. आमची स्नानाची वेळ. याचा फोन आला. "काय करता, आजोबा? आजी उठली का?" आदल्या दिवसातला तो तिसरा फोन होता. आम्ही म्हणालो, "सुट्टी आहे तर चार पाने वाच. दर घटकेस फोन कसला?" आणि फोन ठेवला. आजीस उठविले नाही.

आमची पाळी आली तेव्हा इंग्रजी शब्द जुळेनात. आम्ही उठून बाईंस हात जोडले व पुन्हा बसलो. त्यांनी घारग्यांचे ताट आमच्याकडे सरकविले. ते घारगे त्यांच्या नातवंडांनी जेवण सुरू होण्याच्या आतच अर्धे संपविले होते.

निघताना बाईंनी उरलेला पाय व बटाटे डब्यात भरून दिले. आपल्याकडे सवाष्णीस देतात तसेच, नको म्हणण्यास जागा न ठेवता. बाहेर गडद अंधार, व थंडी कानांस झोंबत होती. रस्त्याने दुकाने बंद, माणूस नाही. बऱ्याच वेळाने आम्ही म्हणालो, "तेव्हा सांगितले का नाहीस?"

"तुम्ही काळजी केली असती, आजोबा."

आम्ही घड्याळ पाहिले. पावणेसात वाजत होते. म्हणजे पुण्यास सव्वापाच. आम्ही फोन काढून घरी लावला. बराच वेळ वाजल्यावर झोपेतला आवाज आला, "काय झाले? बरे आहात ना?"

"बरे आहोत. तुझ्याशी कोणाला तरी बोलायचे आहे," असे म्हणून आम्ही फोन त्याच्या हाती दिला, आणि डबा घेऊन चार पावले पुढे चालू लागलो.