जिप्सीची मधली पेटी

जिप्सीत गिअरचे दांडे दोन असतात. एक नेहमीचा, पाच गिअर आणि रिव्हर्सचा. दुसरा त्याच्या शेजारी, बुटका; त्याच्या मुठीवर टू एच, फोर एच, एन, फोर एल अशी अक्षरं. गगनबावड्याकडच्या आमच्या शेताची वाट पावसाळ्यात तांबड्या चिखलाची आणि चांगलीच उभी. चिखल लागला की फोर एच, मोठा चढ-उतार आला की फोर एल, एवढ्या माहितीवर मी गाडी चालवत होते. मग उतारावर फोर एल आपोआप सुटायला लागला. खालून खट्ट असा आवाज येतो, बुटका दांडा एनवर येऊन बसतो आणि गाडी एकदम मोकळी होते. तोवर इंजिन तिला मागं धरून असतं. ती पकड गेली की सगळा भार ब्रेकवर. ओल्या जांभ्यावर हे झालं की पोटात गोळा येतो.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली आणि मलाही खाली बोलावलं. वर पाहिलं तर माझा गोंधळ वाढलाच. इंजिन पुढं, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा एक लांब शाफ्ट असेल अशी माझी समजूत. इथं शाफ्ट तीन. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट मागं येतो आणि चेसिसच्या मध्यावर टांगलेल्या एका ओबडधोबड पेटीत शिरतो. त्या पेटीतून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, दुसरा पुढच्या. ही पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. गॅरेजात सगळे नुसतं ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. बऱ्याच फोर-व्हील गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टनं बसवलेली असते. सुझुकीनं इथं ती वेगळी ठेवली, तीन रबरी माउंटिंगवर. म्हणून गिअरबॉक्सला हात न लावता ती खाली उतरवता येते.

मिस्त्रींचं म्हणणं पडलं, हीच खोलून भरत बसण्यापेक्षा चारशेदहाची ट्रान्स्फर टाकूया. एक चांगली त्यांच्याकडे पडून आहे. चारशेदहा म्हणजे पहिली जिप्सी, एमजी 410. ती 1985च्या डिसेंबरात आली, 970 सीसीचं छोटं इंजिन घेऊन. आमची त्यानंतरची जिप्सी किंग, 1298 सीसीची. मला काही केल्या पटेना. मोठ्या इंजिनाच्या गाडीत लहान इंजिनाच्या, त्यातही जुन्या गाडीचा भाग कशाला? हे म्हणजे मागं जाणं झालं.

“ताई, इंजिन बारकं हुतं, म्हणूनच तर तिला रिडक्शन जास्त दिलंय,” मिस्त्री म्हणाले.

रिडक्शन हा शब्द ट्रॅक्टरवाल्या घरात नवा नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरलाही हाय-लोचा दांडा आहे; नांगराला लो, रस्त्याला हाय. पण जिप्सीतली एक गोष्ट मला खरोखर चक्रावून गेली. हाय म्हणजे सरळ, एकास एक, असं मी धरून चालले होते. पुष्कळ गाड्यांत तसंच असतं. जिप्सीत नाही. तिच्या ट्रान्स्फरमध्ये हाय असो वा लो, ताकद आधी खालच्या काउंटर शाफ्टच्या दातांवर उतरते आणि तिथून बाहेरच्या शाफ्टवर चढते. म्हणजे कोल्हापूर-पुणे रस्त्यावर टू एचमध्ये निवांत जातानाही ही पेटी राबतच असते. किंगच्या ट्रान्स्फरमध्ये हायचं प्रमाण 1.409 आणि लोचं 2.268. चारशेदहाच्या ट्रान्स्फरमध्ये हेच आकडे 1.580 आणि 2.511. हायमध्ये साधारण 12 टक्के जास्त ओढ, लोमध्ये 11 टक्के. त्या मापात वेग कमी.

आता आणखी एक कोडं सुटलं, टायरचं. आधीच्या मालकानं गाडीला 235/75 आर 15चे टायर घातले होते. मूळचा 205/70 आर 15. कागदावर मांडलं तर मूळ चाकाचा व्यास 668 मिलिमीटर येतो, या चाकाचा 733च्या वर. जवळजवळ दहा टक्के मोठं चाक. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणजे न मागता गाडीचे सगळे गिअर दहा टक्के उंच होतात. आमची गाडी पाचव्यात जीव टाकायची आणि साध्या चढाला दुसरा मागायची, त्याचं कारण इंजिनात शोधत होतो. ते चाकांत होतं. चारशेदहाची ट्रान्स्फर ते दहा टक्के परत देते आणि वर थोडं ठेवते. जुन्या, अशक्त गाडीचा भाग आपल्याला का हवा, हे या हिशेबानंतर मला मनापासून पटलं. टायर मोठे घालून थांबणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब करायला हवा असं माझं ठाम मत आहे.

तरी ही पेटी चारशेदहाचीच कशावरून? बाहेरून दोन्ही सख्ख्या बहिणी. मिस्त्रींनी खडू दिला. आत येणाऱ्या फ्लँजवर एक रेघ, मागच्या फ्लँजवर एक रेघ. दांडा हायमध्ये. मागचा फ्लँज दहा वेळा फिरेपर्यंत आत येणारा हातानं फिरवत राहायचा आणि मोजायचं. गाडीतून उतरवलेल्या ट्रान्स्फरला चौदा फेरे लागले, किंचित वर. मिस्त्रींकडच्या पेटीला सोळा पुरे व्हायला थोडे कमी. हात ग्रीसनं काळे झाले होते, आकडे मी जमिनीवरच खडूनं लिहिले, आणि छापील 1.409 आणि 1.580 माझ्यासमोर फिरून दाखवले गेले. त्या दुपारी मला यंत्राबद्दल जे कळलं ते एरवी कुणी सांगून कळलं नसतं.

उतरवण्याचं काम सांगते. सगळ्यात आधी चाकांना पुढून-मागून दगड. कारण मला तोवर सुचलंही नव्हतं: गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी शाफ्ट सुटले की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच संपतो, गिअर काही धरत नाही. मग तेल काढलं. ट्रान्स्फरचं तेल वेगळं, अवघं 0.8 लिटर, एवढ्याशा तेलावर ती पेटी जन्म काढते. मिस्त्रींच्या भाच्यानं आतून रबरी बूट वर सरकवला, दांड्याच्या बुडाची टोपी खाली दाबून फिरवली आणि दांडा अलगद उचलून माझ्या हातात दिला. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकची एक वाटी असते, नखाएवढी. ती झिजून एका बाजूनं फाटली होती. दांडा एवढा खुळखुळायचा तो हिच्यामुळं.

खाली मिस्त्रींनी प्रत्येक शाफ्टच्या जोडावर पंचनं खूण मारली, शाफ्टवर एक आणि फ्लँजवर एक, मगच बोल्ट सोडले. चार-चार बोल्ट तर आहेत, कसंही बसवलं तर काय बिघडतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, शाफ्ट ज्या जागी बसून समतोल फिरत आला त्याच जागी तो परत गेला पाहिजे, नाहीतर वेगात गाडी थरथरते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉसही एकमेकांच्या रेषेत हवेत. सरकत्या जोडात एखादा दात चुकला तरी रेषा मोडते. या बिनखर्चाच्या खुणेवर मिस्त्रींनी जेवढा वेळ घालवला तेवढा महागड्या सुट्या भागांवर घालवला नाही, आणि ते योग्यच होतं. मीटरची केबल, फोर-व्हीलच्या दिव्याची वायर, मग जॅकवर फळी ठेवून पेटीला आधार, आणि शेवटी तीन माउंटिंगचे नट. एका माउंटिंगचं रबर धातूपासून पार सुटलेलं. लोमध्ये जोर लागला की पेटी स्वतःच पिळवटते; ते पिळणं या तीन रबरांनी झेलायचं असतं. एक गेलं की पेटी तिरकी होते आणि गिअर सुटायला वाव मिळतो. तिन्ही नवी घातली.

चारशेदहाच्या पेटीला आमच्या शाफ्टचे फ्लँज बसतात का, हे मिस्त्रींनी सौदा करण्याआधीच लावून पाहिलं होतं. तिची तिन्ही ऑइल सील बदलली. वर चढवताना दोघं खाली, एक आत. पेटी जड, पिटमध्ये जागा कमी, आणि तीन भोकं एकाच वेळी जुळली पाहिजेत. नट आधी सगळे हातानं, मग पान्यानं. तेल भरायची खूण सोपी आहे: गाडी सपाटीवर ठेवायची आणि भरायच्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं की थांबायचं.

एक धास्ती मला शेवटपर्यंत होती, मीटर चुकीचा वेग दाखवेल ही. तशी गरज नव्हती. मीटरची केबल पेटीच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरून फिरते, म्हणजे रिडक्शन होऊन गेल्यानंतर. आतलं प्रमाण बदललं तरी मीटरला त्याचा पत्ता नसतो. चाक मोठं केल्यानं मात्र मीटर कमी दाखवतो, आणि तो आमचा आधीपासूनच दाखवत होता.

गाडी घेऊन निघाले तेव्हा आवाज बदललेला होता. दातांची एक बारीक गुणगुण, तिसऱ्यात जास्त. मिस्त्री म्हणाले, ह्यो आवाज राहणार, पण वाढला तर लगेच आणा. डांबरी रस्त्यावर फोर एच घालायचा नाही हे त्यांनी बजावलं आणि या वेळी कारणही दिलं. जिप्सीच्या ट्रान्स्फरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, मधे डिफरन्शिअल नाही. वळताना पुढच्या चाकांची वाट मागच्यांपेक्षा लांब असते. चिखलात चाक घसरून तो फरक भागवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, सगळा पीळ शाफ्ट आणि दातांत साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा निघता निघत नाही. मला पूर्वी तसा जड दांडा लागलेला आहे; तेव्हा ते का होतं हे कुणालाच विचारता आलं नव्हतं.

शेताच्या उतारावर फोर एल, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलांवरून काढलेले. गाडी पावलापावलानं उतरली आणि दांडा जागचा हलला नाही. चढावर जिथं ती गुदमरायची तिथं आता इंजिन सहज फिरतं. पाचवा गिअर पुन्हा कामाचा झाला.

जुनी ट्रान्स्फर मिस्त्रींनी माझ्यासमोर खोलली. फोर एल जिच्यामुळं अडकतो त्या सरकत्या स्लीव्हचे दात टोकाला गोल झाले होते; बोट फिरवलं तर धार लागेना. बाकी दात आणि शाफ्ट धडधाकट. जिप्सी बनणं 2019 साली बंद झालं, त्यामुळं अशा पेट्या आता नव्यानं होणार नाहीत आणि तरीही किती तरी भंगाराच्या भावात जातात याचं मला वाईट वाटतं. आमची मी विकली नाही. स्लीव्ह आणि फोर्क मिळाले की ती भरून ठेवायची, आणि ते काम मिस्त्री मला हातानं करू देणार आहेत. त्याआधी नव्या पेटीचं पहिलं तेल बदलायचंय. काढलेलं तेल पांढऱ्या कापडावर ओतून त्यात लोखंडाचा चुरा दिसतो का ते बघायला त्यांनी सांगितलंय.