लायब्ररी सगळ्यांची, दुरुस्ती कुणाची?

वैभववाडीत घरी बसून मी सॉफ्टवेअरचे काम करतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे' लायब्ररीतले भगदाड उघडकीस आले: नोंदीत एक ओळ घुसवली की परका माणूस सर्व्हर ताब्यात घेई. आम्ही सगळे ती फुकट वापरत होतो. मूठभर स्वयंसेवकांनी रात्री जागून महिनाभरात चार दुरुस्त आवृत्त्या काढल्या. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

मला गावचे गटार आठवले. उपसणारा आपला माणूस. स्वच्छ राहिले तर श्रेय गावाचे, तुंबले तर दोष त्याचा. पण फरक विसरू नका. ते स्वयंसेवक स्वेच्छेने आले, आपल्यावर जातीने काम लादले.

म्हणून तरुणांनो, कोड दुरुस्त करायला जरूर शिका. पण केलेल्या कामावर नाव आणि पुरता मोबदला मागा. फुकटची सेवा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली आहे.

जय भीम!