मालेगांवीं चार दिवस

नाशिकच्या माणसाला मोजमापाची एक रीत लहानपणापासूनच ठाऊक असते. पावसाळ्यांत गोदावरीला पूर आला म्हणजे पाणी किती फूट चढलें हें येथें कोणी विचारीत नाहीं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें कीं गळ्याशीं आलें, एवढेंच विचारतात; आणि तेवढ्यावरून कोणाच्या दुकानांत पाणी शिरलें असेल हेंहि ऐकणारा ओळखतो. परगांवच्या माणसाला मात्र या मापाचा उपयोग नाहीं, कारण तो मारुति त्यानें पाहिलेला नसतो. माप आणि माणूस यांची अशी ओळख असावी लागते, ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षांत मालेगांवीं चार दिवस राहण्याचा योग आला तेव्हां आम्हांस नव्यानें कळली. ती वाचकांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, नोकरीनिमित्त मालेगांवीं गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. आज त्यांचें वय ८१ आहे. वहिनींचा फोन आला, "भावोजी, सवड झाली तर येऊन जा. तसें विशेष कांहीं नाहीं." विशेष कांहीं नाहीं म्हणून वहिनींनीं आजवर कधीं फोन केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आम्हीं निघावयाचें ठरविलें, तों धाकट्या बंधूंची कन्या सुटीवर आली होती, ती म्हणाली, "काका, मीहि येतें." या मुलीनें संख्याशास्त्रांत उच्च पदवी घेतली असून, मज्जासंस्था आणि वार्धक्य यांचा संख्यात्मक अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या जागेवर एका संशोधनसंस्थेंत तिची नुकतीच नेमणूक झाली आहे. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस हें पद समजावून देतां देतां तिच्या नाकीं नऊ आले. डॉक्टर म्हणावें तर ती नाडी पाहत नाहीं; मास्तरीण म्हणावें तर वर्ग घेत नाहीं. अखेर, "ही म्हाताऱ्यांच्या विसरण्याचा हिशेब ठेवते," असा माजघरांतून निकाल लागला.

नाशिकहून मालेगांव सुमारें १०० किलोमीटर. मुंबई-आग्रा रस्त्यानें एस. टी. निघाली म्हणजे ओझर, पिंपळगांव मागें पडतें, द्राक्षांचे मळे विरळ होत जातात, आणि चांदवडला डोंगर जवळ येतात. येथें होळकरांचा रंगमहाल आहे, आणि डोंगराच्या कुशींत रेणुकामातेचें स्थान. पुढें राहुडचा घाट उतरला कीं हवा कोरडी होते आणि भाषेलाहि खानदेशी वळण लागतें. वाटेंत आम्हीं मुलीस विचारलें, "मन हें काय मोजण्याजोगें आहे?" ती म्हणाली, "काका, मज्जातंतूंतून संदेश किती वेगानें जातो हें मोजणेंच अशक्य, असें एके काळीं मोठमोठे पंडित मानीत. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या तंतूवर तें मोजून दाखविलें. वेग निघाला सेकंदाला ३० मीटरांच्या आंतबाहेर. वय वाढलें म्हणजे संदेश थोडे मंदावतात, ओळखीचें नांव ओठांवर येऊन अडतें. हें बहुतेकांचें होतें. हा रोग नव्हे. पण कित्येकांची स्मृति मुळापासूनच खचूं लागते. या दोहोंमधील रेघ कोठें ओढावयाची, हें शोधण्याचें माझें काम. एखाद्यानें दहांपैकीं सहाच शब्द ध्यानांत ठेवले, एवढ्यानें कांहींच कळत नाहीं. त्याच वयाचे, तेवढेंच शिकलेले, तीच भाषा बोलणारे इतर लोक किती ठेवतात हें ठाऊक हवें. आणि तोच माणूस कांहीं वर्षांपूर्वीं किती ठेवीत होता हेंहि ठाऊक हवें."

मालेगांव मोसम नदीच्या कांठीं वसलें आहे. पुढें ही मोसम गिरणेस मिळते. २०११ च्या शिरगणतींत येथील वस्ती पावणेपांच लाखांच्या आसपास भरली. नदीकांठीं नारोशंकर राजेबहाद्दरांनीं १७४० सालीं बांधलेला भुईकोट किल्ला आहे. हेच ते नारोशंकर, ज्यांच्या नांवाचें देऊळ आणि प्रचंड घंटा नाशिकास गोदेच्या कांठीं आहे. १८१८ सालीं इंग्रजांनीं या किल्ल्यास वेढा दिला, तेव्हां आंतील अरब शिबंदीनें त्यांस चांगलेंच झुंजविलें. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकरांचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. त्यांच्या हातमागांच्या जागीं आज यंत्रमाग आहेत. गल्लीगल्लींतून त्यांचा खडखडाट अहोरात्र चालतो. एकाच दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक अहिराणींत भाव करतें, दुकानदार उर्दूंत सांगतो आणि पावती मराठींत लिहिली जाते. त्यांत कोणालाहि नवल वाटत नाहीं.

दादांच्या घरीं पोंचलों तेव्हां ते झोपाळ्यावर बसले होते. "केव्हां आलास?" म्हणून त्यांनीं प्रेमानें विचारलें. चहा होईपर्यंत तोच प्रश्न आणखी दोनदां विचारला. रात्रीं वहिनींनीं हळूच सांगितलें, कीं गेल्या महिन्यांत भाजी आणावयास म्हणून गेलेले दादा घरची वाट चुकले. ओळखीच्या एका रिक्षावाल्यानें आणून सोडलें. मुलगा म्हणतो, वयोमान आहे. आम्हांसहि तसेंच वाटलें. नव्हे, तसेंच वाटून घ्यावेंसें वाटलें. कारण दुसरे दिवशीं पहांटे स्नान करून दादांनीं रुद्र म्हटला, तो नमकापासून चमकापर्यंत एका स्वराचीहि चूक न करतां. आम्हीं वहिनींस म्हटलें, "ज्यांस एवढें मुखोद्गत आहे, त्यांच्या बुद्धीस काय झालें?" वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मुलगीहि बोलली नाहीं.

त्या दुपारीं दादा आम्हांस नदीपलीकडे आपल्या एका जुन्या मित्राकडे घेऊन गेले. वाट अर्थात् आम्हीच विचारीत गेलों. हे गृहस्थ विणकर. दोन घरांमध्यें पन्नास वर्षांचा घरोबा. ईदेचा शीरखुर्मा इकडे यावयाचा आणि दिवाळीचा फराळ तिकडे जावयाचा. दारांतच त्यांच्या मुलानें सांगितलें, "अब्बांचें डोकें आतां चालत नाहीं. विचारावें एक, सांगतात दुसरेंच. बहुतेक गप्प बसून असतात." खरोखरच वृद्ध गृहस्थ कोपऱ्यांतील बाजेवर मुकाट बसले होते. "तब्येत कशी आहे?" असें विचारतां "हो, पाऊस यंदां बरा झाला," असें उत्तर आलें. घरांतील मुलें तोंड फिरवून हंसलीं.

आमची पुतणी मात्र त्यांच्याकडे निरखून पाहत होती. तिनें विचारलें, "चाचांनीं मागावर किती वर्षें काम केलें?" मुलगा म्हणाला, "पन्नासाच्या वर." ती म्हणाली, "मग मी सांगतें ते प्रश्न कोणी तरी उर्दूंत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढें धरा." नातवानें वहीचें पान घेतलें. आज वार कोणता? वृद्धानें चष्मा लावला, वाचलें आणि म्हणाले, "गुरुवार. उद्यां जुम्मा." वार उलटे सांगा. शनिवारपासून रविवारपर्यंत त्यांनीं न अडखळतां सांगितले. आपल्या घराविषयीं कांहीं सांगा. यावर ते जें बोलूं लागले तें थांबेचनात: पहिला माग केव्हां घेतला, त्यासाठीं बायकोच्या बांगड्या कशा मोडल्या, मोसमच्या कोणत्या पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें. शेवटीं म्हणाले, "तुम्ही सगळे काय बोलतां तें मला ऐकूं येत नाहीं. पण तुमच्या तोंडांकडे पाहून एवढें कळतें, कीं मी वेडा झालों असें तुम्हांस वाटतें." घरांत कोणीच बोललें नाहीं. मागांच्या खडखडाटानें त्यांचे कान नेले होते. बुद्धि जागच्या जागीं होती.

मग थट्टेच्या सुरांत नातवानें तोच कागद दादांपुढें धरला आणि मराठींत वाचून दाखविला. दादा म्हणाले, "वार? आज सोमवार असेल. श्रावणी सोमवार ना?" मार्गशीर्ष चालला होता. वार उलटे म्हणा म्हटल्यावर त्यांनीं सोमवार, मंगळवार, बुधवार असे सुलटेच म्हणावयास सुरुवात केली, मध्येंच थांबले, आम्हां सर्वांकडे पाहून हंसले आणि रुद्राचा पहिला अनुवाक म्हणूं लागले. त्यांचे मित्र त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. आमच्या तर पायांखालची जमीनच सरकली.

रात्रीं गच्चीवर बसलों असतां मुलीनें समजावून सांगितलें. स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत प्रचलित प्रकाराचें वर्णन आल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं प्रथम केलें. त्यांत नवी आठवण सांठविणारा मेंदूचा भाग प्रथम खचतो. लहानपणीं मुरलेलें पाठांतर पुष्कळ दिवस टिकतें. यावर आम्हीं विचारलें, "मग वेदपाठाचा मेंदूस कांहींच उपयोग नाहीं काय?" ती म्हणाली, "हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय संशोधनकेंद्रांत शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांचे मेंदु तपासण्यांत आले. स्मृतीशीं संबंध असलेले कांहीं भाग इतर २१ जणांच्या मानानें भरीव आढळले. तो निबंध २०१६ सालचा. पण त्यावरून पंडितांस विस्मृति होत नाहीं असें सिद्ध होत नाहीं. तें सिद्ध करावयाचें तर अनेक माणसें अनेक वर्षें मोजलीं पाहिजेत." एवढें सांगून तिनें हैदराबादची गोष्ट काढली. तेथील निजाम संस्थेंत ६४८ रुग्णांची पाहणी होऊन २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, कीं एकाहून अधिक भाषा बोलणारांस हा विकार सरासरीनें साडेचार वर्षें उशिरां जडला, आणि निरक्षरांतहि असाच फरक दिसला. बाजारांतील ती दुकानाची पायरी आम्हांस आठवली. मुलगी लगेच म्हणाली, "हाहि संबंध आहे, काका, कारण तेंच, असें अजून छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं."

मापाची गोष्ट तिनें सांगितली ती अशी. १९७५ सालीं अमेरिकेंत तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. तींत एक इंग्रजी शब्द उलट्या अक्षरांनीं सांगावयाचा असतो आणि एक वाक्य लिहावयाचें असतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईस हे प्रश्न विचारले तर ती शहाणी असूनहि नापास होणार. म्हणून हरियाणांतील बल्लभगडच्या वृद्धांसाठीं निराळी प्रश्नावली बसविण्यांत आली व १९९५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत अक्षरांच्या जागीं वार आले, आणि लेखनाच्या जागीं 'आपल्या घराविषयीं सांगा' हा प्रश्न आला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेनें २०१७-१८ मध्यें ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यांतील साठीच्या पुढचे ४,०९६ वृद्ध अशा मापांनीं बारकाईनें तपासण्यांत आले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला अंदाज असा, कीं भारतांत साठीच्या पुढील शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख लोकांस स्मृतिभ्रंश आहे. शिक्षणाचा अभाव आणि न सुधारलेलें बहिरेपण हीं दोन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या गोष्टींच्या यादींत आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळानें २०२४ सालीं अशा १४ गोष्टी सांगितल्या. त्या सर्व टाळतां आल्या तर जवळजवळ निम्मे रुग्ण कमी होतील किंवा त्यांचा विकार लांबेल, असें त्या मंडळाचें मत.

आमचा सारा जन्म मुलांचें पाठांतर घेण्यांत गेला. ज्याला रूपावलि धडाधडा येई तो हुशार, जो गप्प बसे तो मठ्ठ, असें आम्हीं किती वेळां ठरविलें असेल! मागच्या बाकावरील त्या गप्प मुलांपैकीं कित्येकांस फळ्यावरचें दिसत नसेल, किंवा आमचें बोलणें ऐकूं येत नसेल, हा विचार त्या रात्रीं प्रथम मनांत आला आणि झोंप आली नाहीं.

तिसरे दिवशीं वहिनींपाशीं विषय काढला. लोक काय म्हणतील, मुलीबाळींच्या सोयरिकी व्हावयाच्या आहेत, ही त्यांची भीति. पुतणी त्यांस म्हणाली, "काकू, मी मोजणारी आहे, वैद्य नव्हे. थायरॉईड किंवा ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार कमी झाला तरी असें विसरणें होतें, आणि तें औषधानें सुधारूं शकतें. लपवून ठेवलें तर तेंहि कळणार नाहीं." हें वहिनींस पटलें. चौथे दिवशीं आम्ही दादांसह नाशिकास आलों. तपासणींत असा सुधारण्याजोगा दोष सांपडला नाहीं. स्मृतिभ्रंशाचा आरंभ आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. हें ऐकणें जड गेलें. परंतु त्या दिवसापासून दादांवर घरांत कोणी चिडत नाहीं, त्यांच्या खिशांत नांवपत्त्याची चिठ्ठी असते, आणि बँकेचीं कामें मुलगा पाहतो. न कळण्यापेक्षां हें खचित बरें.

ज्या घरीं वडील माणसें आहेत, त्यांस आमची एवढीच विनंति, कीं कोणी गप्प झालें तर प्रथम त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यावे. आणि कोणी श्लोक खणखणीत म्हणतें म्हणून निश्चिंत राहूं नये.

फाल्गुनांत वहिनींचें पत्र आलें. विणकर मित्रास मुलानें कानाचें यंत्र आणून दिलें आहे. आतां ते रोज सायंकाळीं नातवाच्या गाडीवर बसून दादांकडे येतात. आल्याबरोबर मोठ्यानें सांगतात, "आज अमुक वार." दादा म्हणतात, "असें काय?" मग दोघे झोपाळ्यावर बसतात. दादा रुद्र म्हणतात आणि मित्र ऐकतात. यापूर्वीं कित्येक वर्षें त्यांनीं तो केवळ ओठांवर पाहिला होता.