मोकळी जागा

भांडुप पश्चिमेला अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात मी संध्याकाळी काम करते. पिनकोडवरून टपाल कचेरी शोधणारी सेवा संगणकावर जोडताना मी सेटिंगच्या ओळीत ४०००७८ हाच आकडा लिहून टाकला. मग पूर्वेच्या, ४०००४२ वाल्या आजीही पश्चिमेच्याच ठरल्या! तिथे आकडा नव्हे, महिरपी कंसात ‘पिनकोड’ हे नाव लिहायचे. समोरच्याचा आकडा दर वेळी त्या जागी येऊन बसतो. सारख्या नावांच्या गावांचा घोळ टळावा म्हणून श्रीराम वेलणकरांनी १९७२ साली पिनकोड आणला. मी नवा घोळ घातला. आमच्या घरीही मुलींपुढे एकच उत्तर लिहिलेले असे: दहावी, मग लग्न. आईने माझ्यापुढची जागा मोकळी ठेवली. ती मी आता भरते आहे.